चौसष्ट शेर

आबा, जत्रेत जोड लावताना तुम्ही दोन पैलवानांचे हात धरून त्यांना आखाड्यात फिरवायचात. मानेवरून, खांद्यांवरून एकदा नजर फिरली की झालं. तराजू कधी लागला नाही. त्या वर्षी पुण्याहून आलेल्या पैलवानाशेजारी दादाला उभं करून तुम्ही म्हणालात, "जोड बराबर हाय." तो पैलवान विलायतेतल्या कुस्त्यांच्या निवडीला एकसष्ट किलोच्या गटात उतरणार होता. दादालाही त्याच गटात उतरवायचं, हे तुम्ही तिथंच ठरवलंत.

किलो म्हणजे किती, हे विंझरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही वाण्याला विचारलंत. तो हसला. "अवो वस्ताद, सायबाचा शेर त्यो. दुसरं काय असतंय?" मग धान्याच्या मोठ्या तराजूत दादा मांडी घालून बसला. आई पायरीवरूनच म्हणाली, "जित्या माणसाला असं जोखू नगा." चौसष्ट शेर भरले. तीन शेर जास्त.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात हंड्यावर पाटा ठेवलेला. दादा दोन घोंगड्या गुंडाळून गुंजवण्याच्या वाटेनं पळतो आहे, उन्हं चढली तरी परत येत नाही. येतो तेव्हा ओठ फुटलेले असतात. "आबा, एक घोट." तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणता, "पुण्यात वजन झालं की हंडा तोंडाला लाव. आता न्हाई." तो मला डोळा मारतो. "तवर हंडाच मला उचलंल गं."

पुण्याला निघायच्या सकाळी थोडं वजन अजून उतरायचं होतं म्हणून तो पुन्हा पळाला. परत आला तेव्हा घोंगड्या कोरड्या होत्या. तुम्ही त्याच्या पाठीवर तळवा घासत राहिलात. "घाम कुठं गेला रं?" दादा भिंत धरून खाली बसला. मग पाटा बाजूला करून तुम्हीच हंडा उचलून आणलात, पण त्याच्या तोंडातलं पाणी बाहेरच येत होतं. दिवस मावळायच्या आत दादा गेला. त्यानंतर तुम्ही कुणाची जोड लावली नाहीत.

आता मी मुलींच्या शाळेत शिकवते. परवा विज्ञानाच्या सामानाची पेटी आली, त्यात किलोचं पितळी वजन होतं. शाळा सुटल्यावर मी ते एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात शेराचं. किलोचं पारडं खाली गेलं आणि टेबलाला टेकून राहिलं. मी खडूनं हिशेब मांडला. एकसष्ट किलो म्हणजे पासष्ट शेरांच्याही वर. दादा पहिल्याच दिवशी गटात बसत होता. तुमच्या नजरेनं जोड बरोबर लावली होती. मी फळा पुसला आणि दिवा न लावता बसून राहिले.

शेवटच्या आजारात तुम्ही मला सारखं विचारायचात, "अजून किती उतरायचं ऱ्हायलं हुतं गं त्याचं?" मी म्हणायचे, "थोडंच, आबा." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आज तुम्ही विचारलंत, तरी मी थोडंच म्हणेन.