बोटीला गाडीची बॅटरी

इन्शाचे अब्बा,

बोटीची चावी माझ्याकडे आहे, शोधू नका. इन्शाला घेऊन टॅक्सीने शारजाला चालले आहे. सालन फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा गरम करून घ्या.

उद्याच्या फेरीसाठी तुम्ही आणलेली बॅटरी पाहिली. ती गाडीची आहे. इंजिन सुरू करण्यापुरती ठीक. पण इंजिन बंद ठेवून तुम्ही गळ टाकून बसता, तेव्हा दिवा आणि वायरलेसही तिच्यावरच चालतात. मग परतताना तिच्यात जोर उरत नाही. बोटीतल्या जुनीला जोडली तर जुनी तिलाही रिकामी करेल. तुमच्याबरोबर गळ टाकायला येणारे अबुजरभाई म्हणाले, "भाभी, इन्शाल्ला चलेगा." इन्शाल्ला मीही म्हणते, पण बॅटरी तपासून. बोटीसाठीच्या दोन नव्या आणते. त्यातली एक फक्त इंजिनासाठी राहील.

मागच्या शुक्रवारी इन्शाला बोटीवर नेलंत, तेव्हा इंजिन तापलं म्हणून उशीर झाला, असं तुम्ही सांगितलंत. काल इन्शाने विचारलं, "ममा, विल द बोट स्टॉप अगेन? पापा वॉज क्राइंग."

मी म्हटलं, पाण्यावर वारा लागून डोळ्यांत पाणी येतं. तिच्याशी खोटं बोलायची माझी ही पहिलीच वेळ.

जैनब