काचेवर पाणी येत नाही

कामरगाव,
२ डिसेंबर २०२५

श्री. सैफुद्दीनभाई यांस ज्योत्स्नाचा स. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की अर्धं गाव ऐकतं. म्हणून जीपवाल्या तौसीफच्या हाती हे पाठवते.

तुम्ही चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून सांभाळलेल्या आमच्या फियाटचा काच धुण्याचा पंप बिघडला आहे. बटण दाबलं की नुसता गुणगुणतो. बाटली भरलेली आहे. पाणी उडण्याच्या दोन्ही भोकांत मी सुई घालून पाहिली. आता पुढे काय तपासायचं ते क्रमाने लिहा.

तुमचे इंद्रभानभाऊ हात लावत नाहीत. दिवाळीत फाटकाच्या खांबाला गाडीची डावी बाजू घासली, तेव्हापासून एकच पालुपद: काच धूसर आहे, पाणी उडत नाही तोवर गाडी काढायची नाही. फडकं मारा म्हटलं तर चिडतात. मागच्या वर्षी अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीही काचेचाच दोष सांगितला म्हणे. चष्म्याची काच बदलली, तक्रार तशीच. पंचवीसला नात येते आहे, संस्कृती, सात वर्षांची. आजोबांनी तिला गाडीतून शिरपूरला न्यायचं कबूल केलं आहे. त्याआधी पाणी आलं पाहिजे.

विड्या कमी करा. जिव्हाळा आहे तसा राहो, पण उत्तर लवकर द्या.

आपली,
ज्योत्स्ना


आसेगाव,
५ डिसेंबर

ज्योत्स्नावहिनीले सैफुद्दीनचा सलाम. वि. वि.

चिठ्ठी भेटली. तुमी शाळेत विज्ञान शिकवत होत्या, तशीच प्रश्नपत्रिका धाडली. पास झालो तं कळवा.

पंप आवाज करते म्हंजे मोटर जिती हाय, फ्यूज पाहू नका. पंपावरची रबरी नळी काढा आन् बटण दाबा. तिथं पाणी आलं तं पंप चांगला, अडचण पुढं. बॉनेटखाली नळीचे दोन फाटे होतात, तो जोड खोला, फुंकून पाहा.

पण भाऊ काहून हात नाई लावून राह्यले? ह्या गाडीचा एक नट कोनाले खोलू देत नव्हते ते. ईदले माझ्याकडं आले तं डाव्या बाजूची खुर्ची त्याईले दिसलीच नाई, आपटले. मी लय हसलो होतो.

दुआमंदी याद ठेवा.

सैफुद्दीन


कामरगाव,
९ डिसेंबर

श्री. सैफुद्दीनभाई यांस स. न. वि. वि.

पास झालात. पंपाशी पाणी आलं, पुढे नाही. जोड खोलला तर आत कापसाचा बोळा! घरात वेचणीचा कापूस भरला आहे, उंदरांनी नेला असणार. बोळा काढला, बटण दाबलं, पाणी काच ओलांडून टपावर गेलं. निवृत्त झाल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता.

यांना बोलावून दाखवलं. बरं झालं म्हणाले आणि आत गेले. तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. काल म्हणाले, संस्कृतीला बसनेच नेऊ. मी चांगलं सुनावलं. आता पंपाचं निमित्त उरलं नाही, पोरीला दिलेला शब्द पाळा म्हटलं. हो म्हणाले.

माणूस आळशी होत चालला आहे, दुसरं काय. आमच्यावर लक्ष असू द्या.

ज्योत्स्ना


आसेगाव,
१२ डिसेंबर

वहिनीले सलाम. वि. वि.

उंदीर नळी कुरतडते. बोळा घालून नळी परत बसवत नाई, वरून क्लिप आवळत नाई.

बोळा फेकला नसन तं पाहा. वावरातल्या कापसात सरकी असते. सरकी नसन तं तो दवाखान्याचा कापूस. मंग गाडीत नका शोधू. भाऊच्या कोटाचे खिसे पाहा.

रागावू नका त्याईच्यावर. मले लिहून कळवा.

सैफुद्दीन


कामरगाव,
१५ डिसेंबर

श्री. सैफुद्दीनभाई यांस स. न. वि. वि.

सरकी नव्हती.

कोटाच्या आतल्या खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, कापसाची गुंडाळी आणि अकोल्याचा कागद निघाला. कागदावर आजाराचं नाव आहे: काचबिंदू. यांनी त्यातली काच तेवढी मला सांगितली, बाकीचं खिशात ठेवलं. बाजूचं दिसणं जवळजवळ गेलं आहे, आता वाचायलाही त्रास होतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची.

म्हणजे गाडी काढायची नाही, एवढ्यासाठीच यांनी तो बोळा घातला होता. आंधळा होतो आहे असं म्हणण्यापेक्षा पंप बिघडला म्हणणं सोपं. आणि मी हुशारीने तो दुरुस्त केला. वर त्या पोरीला शेजारी बसवून रस्त्यावर जायला यांना भाग पाडत होते. तीस वर्षं मुलांना सांगितलं, आधी नीट पाहा, मग निष्कर्ष काढा.

सगळं होतं तसं खिशात ठेवलं. आज सकाळी बोळा पुन्हा जोडात घातला, क्लिप आवळली आणि पाणी येत नाही असं यांना सांगितलं. ते जाऊन गाडीत बसले. बटण दाबलं. पंप गुणगुणला. बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मीही घेतली.

तुम्ही यांना एक पत्र लिहा. मी वाचून दाखवीन. काय लिहायचं ते तुम्हाला सांगायला नको.

ज्योत्स्ना


आसेगाव,
१८ डिसेंबर

इंद्रभानभाऊले सैफुद्दीनचा सलाम. वि. वि.

वहिनीनं पंपाचं कळवलं. मी वाशीम, कारंजा, अकोला, सारं विचारलं. तो पंप आता येत नाई. साऱ्या उमरीत कोनाले ‘पार्ट भेटत नाई’ असं म्हटलं नाई मी. तुमाले पह्यल्यांदा म्हनतो.

तवा गाडी फाटकाच्या आतच ठेवा. नातीले समोर बसवा, पाह्यजे तेवढा हॉर्न वाजवू द्या. शिरपूरले मी येतो संग, बसनं. मले ऐकू येत नाई, रस्त्यानं तुमी ऐका. पाह्याचं काम माझ्याकडं.

हे पत्र वहिनी वाचून दाखवतीन. मधातच थांबल्या तं घाई करू नका. माझं अक्षर खराब हाय.

तुमचाच,
सैफुद्दीन