पोटॅशियमची चौथी पंगत

३ सप्टेंबर १९५६, सोमवार
नवी वही. आज आयुष्याला वळण लागलं, म्हणून नोंद.

हेडमास्तर आबासाहेबांनी मीटिंग घेतली. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन वाटे होणार. मराठी मास्तर मुंबई राज्याच्या वाट्याला, म्हणजे कुठल्यातरी तालुक्याच्या गावी. सायन्सच्या मास्तरांचा मात्र तुटवडा. आपले सायन्सवाले तर गेल्या महिन्यातच औरंगाबादला पळाले. तेव्हा जो सायन्स शिकवील त्याला इथं हैदराबादलाच ठेवून घेतील, असं आबासाहेब म्हणाले.

मी हात वर केला. मी मराठी आणि इतिहास शिकवतो, म्हणून सगळे माझ्या मागे कुणी आहे का ते बघायला लागले. मागे भिंत होती.

सायन्स मला नवीन नाही. मॅट्रिकला होतं. उर्दूतून होतं, पण होतं. पासही झालो होतो.

हे सगळं जयवंतासाठी. पोरगी आमच्याच शाळेत दहावीला, सायन्समध्ये वर्गात पहिली. मार्चला मॅट्रिक. तालुक्याला मुलींना सायन्स कोण शिकवणार? तिथं गेलो की तिचं शिक्षण खलास. बापाने करायचं ते करायलाच पाहिजे.

उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

४ सप्टेंबर, सकाळी ८
गजर झाला नाही. झाला असं सौ. पद्मावती म्हणते. मीच उठून बंद केला म्हणे. मला आठवत नाही, त्यामुळे धरता येत नाही.

९ सप्टेंबर, रविवार
सुलतान बाजारात जाऊन सायन्सचं जुनं पुस्तक आणलं. येताना हॉटेलात चहा घेत प्रस्तावना वाचली. फार सोपी आहे. अशीच पुढची पानं असली तर आठ दिवसांत संपवीन.

११ सप्टेंबर
पुढची पानं तशी नाहीत.

१३ सप्टेंबर
मोठा शोध!

संध्याकाळी जयवंता गवार मोडत बसली होती. तिला सहज विचारलं की हे अणूचं काय प्रकरण आहे, तुला कितपत येतं बघू. ती म्हणाली, मधे केंद्र, भोवती इलेक्ट्रॉन, ते कक्षांत बसतात. पहिलीत जास्तीत जास्त दोन, दुसरीत आठ, तिसरीत अठरा. आतली भरली की बाहेरची.

मी ताडकन उठलो. अरे, ही तर पंगत!

काचीगुड्यातल्या मराठी घरांत बारसं असो, लग्न असो, पंगत बसवायला मीच लागतो. वीस वर्षं झाली. माझा नियम जगजाहीर आहे: आतली पंगत भरल्याशिवाय बाहेरच्या पंगतीत पान मांडू द्यायचं नाही. मग वाढप्यांची धावाधाव होत नाही. निसर्गसुद्धा माझ्याच नियमाने चालतो हे आज कळलं. जयवंता काहीतरी पुढे सांगत होती, पण मला गरज वाटली नाही.

२० सप्टेंबर
दहावीला पहिला तास. केंद्र म्हणजे स्वयंपाकघर, इलेक्ट्रॉन म्हणजे पाहुणे. ऑक्सिजनचे आठ पाहुणे: दोन आत, सहा बाहेर, दोन पाट रिकामे. सोडियमचे अकरा: दोन, आठ, एक. वर्ग खूश. एकीने विचारलं, जिलबी कोण वाढतं? चांगला प्रश्न. उद्या सांगतो म्हटलं.

अर्गॉनपर्यंत आलो. दोन, आठ, आठ. अठरा पाहुणे झाले. इतकं सायन्स मला आत्ताच येतं, महिनाभराने काय होईल!

२३ सप्टेंबर, रविवार
मॉडेल केलं. जुन्या चाळण्यांची तीन कडी एकात एक, वर गुळाच्या पाकाने चिकटवलेले फुटाणे. अकरा फुटाणे, म्हणजे सोडियम. सौ. म्हणाली चाळणी जुनी नव्हती. संशोधनाला घरातून पाठिंबा नाही.

२४ सप्टेंबर
सकाळी मॉडेलला मुंग्या. बाहेरचा फुटाणा गायब. मी जयवंताला म्हटलं, बघ, सोडियमचा निऑन झाला. ती म्हणाली, नाना, मधलं केंद्र बदलल्याशिवाय निऑन होत नाही. नुसता बाहेरचा गेला तर सोडियमच, पण विद्युतभारित. आणि तो बाहेरचा एकटा जातोच लवकर.

पोरीला बारीकसारीक गोष्टींत अडकायची सवय आहे. आईकडून आली असावी.

१ ऑक्टोबर
आज पोटॅशियम. एकोणीस पाहुणे. तिसऱ्या पंगतीत अठरा पाट, त्यातले आठ भरलेले. एकोणिसावा कुठे बसणार? तिसरीत. दोन, आठ, नऊ. लहान पोरसुद्धा सांगेल.

पुस्तकात छापलंय: दोन, आठ, आठ, एक.

म्हणजे तिसऱ्या पंगतीत दहा पाट मोकळे असताना हा गृहस्थ चौथी पंगत उघडून तिथं एकटाच बसतो? कशासाठी? वाढप्याने एका पानासाठी तेवढं चालत जायचं? छापणाऱ्याची चूक. मी पेनने दुरुस्त केली. पुस्तक जुनं असलं की अशी वेळ येते.

जयवंताने पाहिलं. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, नाना, चहा टाकू का?

७ ऑक्टोबर, रविवार
दत्तोबाच्या (सौ.चा भाऊ, काचीगुडा स्टेशनामागे राहतो) घरी बारसं. पंगत अर्थात माझ्याकडे.

एक प्रसंग. नामदेवराव नावाचे पाहुणे दाराशी स्वतःच पाट टाकून एकटे बसले. मधल्या पंगतीत जागा असताना! मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि पंगतीच्या मधोमध बसवलं. ते म्हणत होते की नांदेडची गाडी धरायची आहे, लवकर उठावं लागेल. मी म्हटलं, बसा हो, आधी शिस्त. दोन्हीकडून माणसं दाटून बसलेली, त्यांना ताक येईपर्यंत उठता आलं नाही. गाडीची शिट्टी आम्ही सगळ्यांनीच ऐकली.

नामदेवराव दत्तोबाकडे मुक्कामाला राहिले. दत्तोबा माझ्याशी बोलत नाहीये. पंगत मात्र सरळ रेषेत होती.

१७ ऑक्टोबर
सोमवारी इन्स्पेक्शन. आबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, इन्स्पेक्टरसाहेब माझा अणूचा तास बघून मी सायन्सला चालतो का ते ठरवणार. दोन, आमची दहावी बंद होतेय. सायन्सच्या एकाच मुलीला नामपल्लीच्या मुलींच्या शाळेत जागा आहे, आणि ती मुलगीही साहेब त्याच तासाला निवडणार.

म्हणजे बापलेकीचं एकाच तासात. दोन्ही माझ्या हातात आहे, त्यामुळे काळजी नाही.

नवीन धोतर काढून ठेवायला सांगितलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी ४
झालं. अपूर्व तास! साहेब जुन्या जमान्यातले, टोपी, छडी, मराठी समजतात पण बोलतात आपल्या दख्खनी उर्दूत. मागच्या बाकावर बसले. पंगतीवर दोनदा हसले. मी रंगात आलो आणि फळ्यावर पोटॅशियम काढलं: दोन, आठ, नऊ.

साहेबांनी चष्मा पुसला. विचारलं, मास्टर, ये नौवाँ अंदर कैकू बिठाए? मी शांतपणे सांगितलं की पाट मोकळे आहेत, आणि पुस्तकातली चूक मी सुधारली आहे. साहेब म्हणाले, अच्छा. मग वर्गाकडे वळून विचारलं की सबसे होशियार बच्ची कौन. सगळ्यांनी जयवंताकडे बोट केलं.

तिला विचारलं, पोटॅशियम बोलो. ती उभी राहिली. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ लावला. इतकं सोपं असून! मग खाली बघून म्हणाली, दोन, आठ, नऊ.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. आमची दोघांची नावं असणार. येताना सीताफळं घेतली, टोपलीभर.

जयवंताने खाल्लं नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

२४ ऑक्टोबर
आबासाहेब म्हणाले, साहेबांच्या मते मुलगी बरी आहे, पण पक्की नाही. दुसऱ्या मुलीचा विचार चाललाय. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

जयवंता पक्की नाही? साहेबांच्या तोंडावर पुरावा मारावा म्हणून तिची सायन्सची वही काढली. पोटॅशियमचं पान सापडलं. ऑगस्टमधलं, म्हणजे मी हात वर करायच्या आधीचं. सुबक चित्र: दोन, आठ, आठ, एक. खाली लिहिलेलं: "शेवटच्या कक्षेत आठाच्या वर बसत नाहीत. म्हणून एकोणिसावा चौथ्या कक्षेत." त्याखाली वेगळ्या शाईने, बारशानंतर लिहिलेलं असणार: "नामदेवराव. ज्याला लवकर जायचं तो दाराशी बसतो. म्हणून पोटॅशियमचा बाहेरचा चटकन निघून जातो."

वही घेऊन बाहेर आलो. मग तिला हाक मारली. येत होतं तर मग साहेबांना का नाही सांगितलंस, म्हणून ओरडलो. तशी ती रडायलाच लागली. म्हणाली, नाना, तुम्ही फळ्यापाशी उभे होता ना.

मी वही मिटली. सौ. दारात उभी होती. ती पोरीला जवळ घेऊन आत गेली.

मी गाढव आहे. हे वाक्य फक्त आजच्या तारखेपुरतं.

२५ ऑक्टोबर
नामपल्लीला साहेबांच्या ऑफिसात गेलो. एक किरकोळ तांत्रिक खुलासा करायचा होता, एवढंच. दोन तास बाकावर बसवलं. वही छातीशी धरून बसलो होतो.

आत गेल्यावर वही उघडून टेबलावर ठेवली. म्हटलं, साहेब, पोरीला ऑगस्टपासून येतंय. ती खोटं बोलली ते बापाची लाज राखायला. चूक माझी. पुस्तक बरोबर आहे, मीच त्यावर पेन चालवला. मला सायन्स येत नाही. मला पंगत येते.

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

साहेबांनी नामदेवरावांचं पान दोनदा वाचलं आणि हे कोण म्हणून विचारलं. मी गाडीची सगळी हकीकत सांगितली. साहेब इतके हसले की चपराशी आत आला. मग चष्मा काढून म्हणाले, बच्ची कू बी उसीच दिन पहचाने हम, तुमकू बी. पन जो बोली वोइच लिखना पडा. तुम आएंगे, ये नै सोचे थे.

चहा पाजला. निघताना मला पुन्हा पोटॅशियम विचारलं. दोन, आठ, आठ, एक. पहिल्यांदाच बरोबर आलं, आणि ऐकायला वर्ग नव्हता.

३० ऑक्टोबर
याद्या लागल्या. नामपल्लीच्या शाळेत जागा: कु. जयवंता. ती शाळेच्या पायऱ्यांवरून उड्या मारत आली, आपण आता मोठ्या झालो हे विसरून.

दुसऱ्या यादीत मी. हिम्मतराव, मराठी व इतिहास: किनवट.

किनवट आजवर आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता नांदेडात. गाव जागचं हललं नाही, तरी राज्य बदललं. मी मात्र हलणार. मार्चपर्यंत जयवंता मामाकडे, म्हणजे दत्तोबाकडे. दत्तोबा तिच्याशी बोलतो. सौ. सुरुवातीला तिच्यापाशी राहील, बस्तान बसलं की किनवटला येईल. असं माझं नियोजन आहे.

८ नोव्हेंबर, गुरुवार, किनवट
दिवाळी करून निघालो. काचीगुड्याला गाडीत दाराशीच बसलो. आतल्या बाकावर जागा होती. जयवंता खिडकीशी उभी होती, तिला दिसत राहावं म्हणून दाराशी बरं पडलं.

गाव चांगलं आहे. इथं सुलतान बाजार नाही. काचीगुडाही नाही.

१८ नोव्हेंबर
इथल्या मास्तरांनी माझ्या स्वागताला जेवण ठेवलं. पंगत बसवू का म्हणून मी विचारलं. म्हणाले, तुम्ही पाहुणे, तुम्ही बसा. मधे जागा होती, पण ते सगळे एकमेकांचे जुने, मी जाऊन दाराशी बसलो. वाढप्याला तेवढं चालत यावं लागलं. बिचारा न कुरकुरता आला.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

२६ नोव्हेंबर
जयवंताचं पत्र! महत्त्वाचा भाग इथं उतरवून घेतो.

"नाना, नव्या शाळेत पुढचं शिकले. पोटॅशियमनंतर कॅल्शियम: दोन, आठ, आठ, दोन. त्यानंतर स्कँडियम: दोन, आठ, नऊ, दोन. म्हणजे चौथ्या पंगतीत दोघं बसले, की मग तिसरीतल्या मोकळ्या पाटावर नववा येऊन बसतो. तुमचा नऊ आहे नाना, फक्त तुम्ही घाई केलीत."

म्हणजे मी बरोबर होतो! मूळ सिद्धांत बरोबरच होता! साहेबांना सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं आहे. आबासाहेबांना प्रत.

शिवाय यात मार्गही दिसला. बाहेरच्या पंगतीत दोघं पाहिजेत, मग सगळं आपोआप जागेवर येतं. सौ.ला लगेच लिहिलं: खोली दोघांपुरती आहे, चूल आहे, अंगणात तुळस लावली आहे. तू आलीस की मी कॅल्शियम होईन. ताबडतोब निघ.

असं पत्र वाचून ती आठ दिवसांत येईल. तिच्यासाठी दुसरा पाट करायला सुताराला सांगितलं.

४ डिसेंबर
पाट आला. छान आहे.

सौ.चं उत्तरही आलं. जयवंताच्या अक्षरात, कारण सौ. सांगते आणि ती लिहिते. पोरीची परीक्षा होईपर्यंत मी हलणार नाही, जेवत चला, गजर लागला तर उठत चला. खाली एकच ओळ सौ.ने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. तिचं अक्षर मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं:

"मार्चपर्यंत पोटॅशियमच राहा."