लॉगवर माझं पूर्ण लक्ष आहे

सोमवार, ३ मार्च
लेकीची तारीख पंचवीसची. वीसला सकाळच्या गाडीने निघायचं, हे पक्कं. साहेबांकडे महिन्याची रजा मागितली. म्हणाले, जा की मॅडम, पण मागच्या वेळेसारखं नको. मागच्या वेळी मी नणंदेकडे गेले आणि डेटाबेसची लॉग फाइल, म्हणजे त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंदवही, फुगून डिस्क भरली. आमच्या फर्निचरच्या सगळ्या दुकानांची बिलं ठप्प. गिऱ्हाइकं ताटकळली. निदान बसायला सोफे होते. तेव्हा लॉगवर आपोआप लक्ष राहील अशी व्यवस्था करा, मग खुशाल जा, असं साहेबांचं म्हणणं. दोन दिवसांचं काम.

विहीणबाई लेकीकडे आधीच मुक्कामाला पोचल्यात. पोचू देत. बाळ पहिल्यांदा हातात मीच घेणार.

मंगळवार, ४ मार्च
कामाला लागले. आधी टेबल आवरलं. शाळेत सिस्टर आधी बाक आवरायला लावायच्या, मग गणित. टेबलातच दुपार गेली. खालच्या खणात लेकीच्या वेणीची निळी रिबीन सापडली. शाळा सुटली की ती इथे यायची, कुणीतरी परत केलेल्या गादीवर सर्व्हरशेजारी झोपायची. घरघर सुरू झाली की दोन मिनिटांत गाढ. सर्व्हर नंतर तीनदा बदलले.

काम उद्या.

गुरुवार, ६ मार्च
अलर्ट लावला! लॉग पन्नास टक्के भरला की माझ्या फोनवर मेसेज. फक्त माझ्या. साहेब म्हणत होते, तारवाल्याचाही नंबर घाला. तारवाला म्हणजे आमचा नेटवर्कचा माणूस. स्वभावाने बरा, पण चहाचा कप सर्व्हरवर ठेवतो. अशाला लॉग काय कळणार? वर मलाच सांगतो, ताई, पन्नास फार कमी आहे, वैतागाल. मी म्हटलं, मी वैतागणाऱ्यातली नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळपासून फोन थरथरतोय. ह्यांनी विचारलं, त्याला थंडी वाजून आलीय का? जेवताना थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. अलर्ट उत्तम चालतोय.

सोमवार, १० मार्च
पन्नासचे सत्तर केले. माघार नव्हे, अनुभव.

बुधवार, १२ मार्च
सत्तरचे नव्वद.
लेकीचा फोन. आई, तू नक्की येतेयस ना? वेडीच आहे. विहीणबाईंनी सगळी दुपटी धुऊन इस्त्री केली म्हणे. दुपट्यांना इस्त्री! काहींना कामं उरकायला नको असतात, दाखवायला हवी असतात.

शुक्रवार, १४ मार्च
नव्वदलाही फोन गप्प बसेना. मग लॉग फाइललाच दुप्पट जागा देऊन टाकली. टक्के झर्रकन खाली. फोन शांत. इतकं सोपं होतं!

साहेबांना सांगितलं, झालं. म्हणाले, लॉग एकदा मुद्दाम भरून बघा, अलर्ट येतो का. मग सही करतो. इतक्या वर्षांनंतर माझी परीक्षा. राग आला नाही. फक्त त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

सोमवार, १७ मार्च, सकाळी
आज परीक्षा. अशा उद्योगांसाठी वेगळा सर्व्हर आहे, पण तो हिशेबवाल्यांनी नेलाय आणि त्यांच्या विनवण्या कोण करणार? खऱ्यावरच करते. एवढं काय.

दुपारी
लॉग एका दमात शंभर टक्के भरला. अलर्ट आला नाही. कारण सापडलं: बाहेर जाणारे मेसेज आधी त्याच डेटाबेसमध्ये रांगेला उभे राहतात, आणि तो तर आडवा. म्हणजे बेशुद्ध पडलेल्यालाच मी डॉक्टर आणायला धाडलं होतं. दुकानांतून फोनवर फोन. एका बाईंनी पलंग पसंत केलाय, बिल होईना, म्हणून त्या त्यावरच झोपल्यात.

इतक्यात जावईबापूंचा फोन. लेकीला दवाखान्यात नेलंय. आठ दिवस आधी! साहेब म्हणाले, मॅडम, सोडा हे, निघा. तारवालाही म्हणाला, ताई, पळा, तीनची गाडी मिळेल, इकडचं मी बघतो. मी म्हटलं, तू काय बघणार, कप? पहिलटकरणीला वेळ लागतोच. इथलं तासाभराचं काम. पाचची धरते.

संध्याकाळी
पाचची गेली. नातू झाला. दोघंही सुखरूप. विहीणबाईंनी घेतला.

जावईबापूंनी फोनवर त्याचं रडणं ऐकवलं. सर्व्हरच्या पंख्यांच्या आवाजात नीट ऐकूच आलं नाही. म्हटलं, वा, वा.

मी तोंड धुवायला गेले तेवढ्यात तारवाल्याने डेटाबेस चालू केला. लॉगचा बॅकअप घेतला की लॉगमधली जागा मोकळी होते. तो बॅकअप मी कधी लावलाच नव्हता म्हणे. त्याने दर पंधरा मिनिटांचा लावून टाकला. वर विचारतो, ताई, नुसतं बघत बसून बादली रिकामी होते का? उद्धट. माझ्यासाठी रिक्षा मात्र त्यानेच थांबवून ठेवली होती.

मंगळवार, १८ मार्च, गाडीत
डोळ्यात काहीतरी गेलंय. खिडकी बंद आहे, तरी.
यापुढे नातवावर पूर्ण लक्ष. दुसरं काही नाही.

शुक्रवार, २१ मार्च
एकही अलर्ट नाही. साहेबांना फोन केला. म्हणाले, लॉग फुगतच नाही मॅडम, महिना कशाला, दोन महिने राहा. माझी व्यवस्था अखेर रुळली म्हणायची.

दुपारी लेक झोपली, विहीणबाई आडव्या झाल्या. नातू पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या ताब्यात. पाळण्याशेजारी खुर्ची ओढून बसले. नजर हटवली नाही. झोपेत ओठ हलवतो. डावा पाय जास्त झाडतो. नाक आमच्याकडचं आहे, लेक मान्य करत नाही. तो ओला झाला, ते माझ्या लगेच लक्षात आलं. मग आणखी ओला झाला. तेही आलं. मग त्याने टाहो फोडला. विहीणबाई उठून आल्या. म्हणाल्या, अहो विहीणबाई, बघत काय बसलात, बदला की त्याचं!

बदललं.
उलटं बांधलं म्हणे. त्यांनी पुन्हा बदललं.