मधला भाग बाकी

५ जानेवारी

चि. छोट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू भेटून गेलास, बरं वाटलं. तो तूच होतास असं मी धरून चालले आहे, कारण मला फक्त हनुवटी दिसली. भेटीच्या काचेवर आमच्या वृद्धनिवासाने आता अकरावी सूचना चिकटवली आहे. सगळ्या सूचनांमध्ये मिळून जी फट उरली आहे ती मी खुर्चीत आणि तू उभा असलास की बरोबर तुझ्या हनुवटीसमोर येते. तू वाकायला लागलास तोच पहारेकऱ्याने तुला सरळ केलं, कारण वाकणं सातव्या सूचनेत बसत नाही. बोलायचा फोन दोन वर्षं नुसता सूं सूं करतो. पंधरा मिनिटं मी तुझ्या हनुवटीला बातम्या सांगितल्या आणि ती हलत होती, यावरून मी समजले की तूही काहीतरी सांगत असावास.

साथ संपून चौथं वर्ष लागलं, पण ही बातमी इथे अजून पोचलेली नाही. लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस, असा नियम आहे. तो एक माणूस लिफ्टवाला असल्यामुळे आम्ही सगळे म्हातारे जिन्याने जातो. चहाचा कप दाराबाहेर दहा मिनिटं विलगीकरणात बसतो आणि मग गार होऊन माझ्याकडे येतो. धुवायला दिलेले कपडे तीन दिवस वेगळे ठेवतात आणि मग भलत्यालाच देतात. सध्या मी कुणा आजोबांचा मनिला शर्ट घालून बसले आहे.

आता महत्त्वाचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, सहा फुटांवरून. नजर मधोमध विरत चालली आहे, उन्हाळा लागेपर्यंत जे बघायचं ते बघून घ्या, असं म्हणाले. मला फार काही बघायचं नाही रे. या इमारतीत बघण्यासारखं काही नाहीच. मला तुझा चेहरा जवळून, सबंध, एकदा बघायचा आहे. त्याचं काहीतरी कर.

माया आहेच, ती काचेतून जाते असं ऐकून आहे.
तुझी,
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला फिनेलचा वास येत होता, म्हणजे ते नियमाप्रमाणे तीन दिवस धुरी खाऊन आलं. टपाल कचेरी आता आठवड्यातून दोनदा उघडते, तीही सकाळी दोन तास. आत एक माणूस, बाकीचे बाहेर चुन्याच्या गोलांत. माझ्या पुढच्या गृहस्थांचा गोल पुसून गेला होता, तर खिडकीतल्या बाईंनी त्यांना मोजायलाच नकार दिला.

तुझी मागणी घेऊन मी तुमच्या व्यवस्थापकांना गाठलं. आत येण्यासाठी एक अर्ज भरावा लागतो आणि तो अर्ज फक्त आत मिळतो, असं त्यांनी फार शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, मी सख्खा भाऊ आहे. ते म्हणाले, तीच तर अडचण आहे, नातेवाइकांना बंदी आहे, कामगारांना नाही. मग त्यांचं लक्ष माझ्या नखांतल्या रंगाकडे गेलं आणि त्यांनी धंदा विचारला. पाट्या रंगवतो म्हटल्यावर माणूस एकदम खुलला. जमिनीवरचे बाण, सहा फुटांचे पट्टे, इथे थांबा, इथे थांबू नका, हे सगळं चार वर्षांत पायांखाली झिजून गेलं आहे आणि नवं काढायला पेंटर मिळत नाही म्हणाले.

तर ताई, जे नियम मला बाहेर ठेवतात तेच ताजे करायला मी मंगळवारपासून आत येतो आहे. पन्नास वर्षं दुकानांच्या पाट्या केल्या, पण इतक्या उत्साहाने ब्रश कधी धुतले नव्हते. व्यवस्थापकांनी मला पास देताना हळूच सांगितलं की कामाच्या वेळी मी भाऊ नाही हे लक्षात ठेवावं. मी कबूल केलं आहे.

प्रकृतीस जप. जिना सावकाश.
तुझा,
छोट्या

३० जानेवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी मी एका पेंटरला झापलं, ते मनावर घेऊ नकोस. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा डगला, टोपी, मास्क, वर पोहायचा असावा तसला चष्मा, असा एक प्राणी माझ्या दारासमोर उकिडवा बसला होता आणि त्याने माझ्या चपलेवर पिवळा थेंब पाडला. तोंडाला येईल ते बोलले. मग त्याने हात हलू नये म्हणून मनगटाखाली काठी टेकून एका दमात बाण ओढला. तशी काठी धरणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

कामगाराशी दोन मिनिटांहून जास्त बोलायचं नाही असा नियम आहे आणि त्यातलं दीड मिनिट शिव्यांत गेलं, याची चुटपुट लागली आहे. पण त्या चष्म्याआड तुझे डोळे होते. पाण्याने भरले होते ते रंगाच्या वासाने, असं तू म्हणशील, म्हण. आता माझा हिशेब असा: हनुवटी काचेतून मिळाली, डोळे आत मिळाले. मधला भाग बाकी.

तू तीन दिवसांत सगळा मजला उरकलास. एवढी घाई करायला कुणी सांगितलं होतं? काम संपलं की पास संपतो, एवढं कळू नये? शेवटी मलाच बघावं लागलं. रोज दुपारी सगळे आडवे झाले की मी माझ्या दारासमोरचा बाण ओल्या चपलेने घासते. शेजारच्या खोलीतल्या हेडबाई, तीस वर्षं शाळा चालवलेल्या, मला हे करताना सापडल्या. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि भांडी घासायचा काथ्या घेऊन आल्या. जिन्याजवळचा पट्टा त्यांनी एकटीने उडवला आहे.

बुधवारी तुला बोलावणं येईल. आशीर्वाद देते आणि चपला झिजवते.
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मजल्याची कृपा म्हणून मी कायम झालो. आठवड्यातून दोन दिवस. व्यवस्थापक म्हणतात की रंगाचा दर्जा फारच घसरला आहे, पूर्वी ऑइलपेंट दहा वर्षं टिकायचा. मी गंभीरपणे मान हलवतो.

पण ताई, एक घोटाळा झाला आहे आणि तो मला खातो आहे. परवा वरच्या खात्याचे निरीक्षक आले होते. हे नियम रद्द करायचा हुकूम काढायला म्हणे कुणाची सही मिळत नाही, म्हणून खात्याने तोड काढली आहे. जिथे खुणा आपोआप झिजून गेल्या तिथे नियम संपला असं समजायचं. जिथे खुणा दिसतात तिथे नियम चालू. शहरातल्या सगळ्या निवासांतून लोक आता आपापल्या माणसांच्या पलंगावर जाऊन बसत आहेत. तुमचा निवास एकटा उरला, कारण इथले बाण ओलेच होते. निरीक्षकांनी पायाने तपासलं, बूट पिवळा झाला, आणि त्यांनी वहीत शाबासकी लिहिली.

म्हणजे तुला मी भेटू शकत नाही याला कारण मी. हे मी कुणाला सांगू? काम सोडावं तर खुणा झिजायला महिने जातील, तुम्ही कितीही घासा, चार मजले आहेत. तेवढे दिवस तुझी नजर थांबेल का, सांग. आणि काम धरून ठेवावं तर मी हा असा तोंड झाकलेला. काही सुचत नाही.

तूच काय ते सांग. नमस्कार सगळ्या मजल्याला.
छोट्या

२८ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद देते, पण रागावून देते.

निरीक्षकांचा किस्सा मी हेडबाईंना वाचून दाखवला. वाचून म्हणजे, अर्धा त्यांनी मला दाखवला, कारण आता ओळीच्या मधले शब्द मला सापडत नाहीत. दोघी हसून हसून दमलो. त्यात तुझी चूक काही नाही. नियमाने माणूस बाहेर राहतो, आणि तेच नियम रंगवायच्या कामाला लागला की त्यात अडकतोही. राग त्याचा नाही.

राग गुरुवारचा आहे. कपड्यांच्या खोलीत सगळा नोकरवर्ग मास्क हनुवटीखाली ओढून बसतो, हे व्यवस्थापक सोडून सर्वांना ठाऊक आहे. व्यवस्थापकही तिथेच बसतात. आमच्या सिस्टरने मुद्दाम तुला आत बोलावलं, मला आधीच तिथे चादरींच्या ढिगाशी बसवून ठेवलं, दार लावून घेतलं आणि तुला म्हणाली, काका, काढा आता, बहिणीला बघू द्या. आणि तू नाही म्हणालास. नियम तो नियम, म्हणालास. ब्रशाचा डबा उचलून चालता झालास.

तू आणि नियम? शाळेच्या भिंतीवर मास्तरांचं चित्र काढून खाली स्वतःचं नाव टाकणारा तू. मी त्या चादरींवर किती वेळ बसून होते ते सिस्टरला विचार. हेडबाईंच्या चेहऱ्याचा आता मला केस आणि कान एवढाच परीघ दिसतो, मध्ये नुसतं धुकं. रोज थोडं थोडं वाढतं आहे. मला भीती वाटते रे. आंधळी होण्याची नाही तितकी, तुला न बघता होण्याची.

मास्कखाली काय आहे? आजारी आहेस का? खरं लिही. गोड लिहू नकोस.
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजारी नाही. ऐक, आणि हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

माझे दात गेले. वरचे सगळे, आणि खालचे चार सोडून बाकीचे. मागच्या वर्षीच. दातांच्या दवाखान्यात जबड्याचं माप घ्यायचं तर मास्क काढायला बंदी, म्हणून त्यांनी माप बाहेरून घेतलं, फुटपट्टीने. कवळी आठ महिन्यांनी टपालाने आली. ती दुसऱ्याच कुणाची होती. एवढी मोठी की माझ्या तोंडात ठेवली तर ती माझ्याकडे बघून हसते असं वाटायचं. परत केली. आता नवी तारीख सप्टेंबरची आहे.

ताई, गाल आत गेलेत. ओठ कुठे गेले ते माझं मलाच सापडत नाही. आरशात बघितलं की कुणी अनोळखी म्हातारा घरात शिरल्यासारखं वाटतं. तू चार वर्षं माझा चेहरा बघितलेला नाहीस. तुझ्याकडे जो आहे तो चांगला होता. हा बघितलास तर हाच राहील, कायमचा, आणि पुढे दुसरा बघून तो खोडताही येणार नाही. पाटी चुकली तर मी टर्पेंटाइनने पुसून परत काढतो. हे तसं होणार नाही. म्हणून गुरुवारी पळालो. बाहेर जाऊन जिन्यावर बसून रडलो, तिथे बसायला मनाई आहे असं मीच रंगवलेलं होतं.

सप्टेंबरपर्यंत थांबता येईल का, हे डॉक्टरांना एकदा विचार.

रागावू नकोस. रागावलीस तरी माझीच राहा.
छोट्या

१८ मार्च

चि. छोट्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांना विचारलं नाही. मला ठाऊक आहे ते त्यांना कशाला विचारू.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आईने मला खोलीत बोलावलं आणि दुपट्यातलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं. त्याला एकही दात नव्हता. गाल होते की नव्हते आठवत नाही, ओठ तर नव्हतेच, आणि कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या. मला ते फार आवडलं होतं. मी त्याला सप्टेंबरमध्ये ये असं सांगितलं नव्हतं.

सोमवारी ये. कपड्यांच्या खोलीत. हुकूम आहे.
तुझी,
ताई

२९ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि हेडबाई लिहीत आहेत, तेव्हा अक्षर चांगलं आहे म्हणून दचकू नकोस. माझ्या ओळी आता एकमेकींच्या अंगावर चढतात.

सोमवारी तू गेल्यावर व्यवस्थापकांनी मला बोलावलं. त्यांनी कपड्यांच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा तू माझ्यासमोर टोपी, चष्मा, मास्क सगळं काढून गुडघ्यावर बसला होतास आणि मी तुझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवून, मान तिरकी करून, कडेच्या नजरेने तुकड्यातुकड्याने बघत होते, हे त्यांनी अहवालात जसंच्या तसं लिहिलं आहे. पेंटरने कामाच्या वेळी नातेवाईकपणा केला, असा ठपका आहे. स्वतःचा मास्क हनुवटीखाली होता हे लिहायचं राहिलं. तुझा पास रद्द. नवा पेंटर शोधताहेत, मिळत नाही. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला मिळणारही नाही, इतका चांगला.

मला सगळा दिसलास. आधी कपाळ, मग नाक, मग ते आत गेलेलं तोंड, आणि तू हसायला लागलास तेव्हा तर सगळाच. वाईट काही नव्हतं रे. थोडासा बाबांसारखा झाला आहेस, त्यांच्या अखेरच्या वर्षातला, आणि मला तुम्ही दोघे एकदम मिळालात. त्याच आठवड्यात शुक्रवारी मधला उजेड गेला. म्हणजे तुझ्यानंतर मी नीटसं काहीच बघितलेलं नाही. बघायचंही नव्हतं.

आता सगळा मजला एका कामाला लागला आहे. वरच्या मजल्यांनाही निरोप गेले आहेत. सकाळ-संध्याकाळ आम्ही पाय घासत फेऱ्या मारतो, व्यवस्थापकांना वाटतं व्यायाम आहे. माझ्या दारासमोरचा बाण गेला असं सिस्टर सांगते. निरीक्षक जूनमध्ये येतात. मग तू दारातून ये, भाऊ म्हणून, आणि माझ्या पलंगावर बस.

कवळी आली नसली तरी ये. दाढी मात्र करून ये, हाताला टोचते.

तुझी,
ताई