गव्हाशिवायचा गोळा

प्रिय मुंगीच्या आई,

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आपण दोनदाच भेटलोय, तेही तुमच्या इमारतीच्या फाटकापाशी, आणि दोन्ही वेळा आपलं बोलणं मुंगीच्या स्वेटरापलीकडे गेलं नाही. बाकी सगळं तिच्या बाबांमार्फत चालतं. किती वाजता सोडायचं, खोकला आहे का, जेवली का. आपल्या दोघींच्या नात्याला नीटसा शब्द नाही. एक जुना शब्द आहे, पण तो तुम्हालाही बसत नाही आणि मलाही. तेव्हा मी तो सोडून देते. यावेळी मात्र जे कळवायचं आहे ते तिच्या बाबांवर सोपवण्यासारखं नाही. ते निरोप पोचवताना अर्धा वाटेत सांडतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

विषय मुलांच्या खेळण्यातल्या मऊ गोळ्याचा आहे. घाबरू नका, त्यात गहू नाही. पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

मुंगी पंधरा दिवसांनी शनिवारी आमच्याकडे येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते. आमच्याकडे ती फार शहाण्यासारखी वागते, आणि मला तेच खटकायचं. साडेचार वर्षांचं मूल इतकं शहाण्यासारखं वागतं ते परक्या घरीच. सोफ्याच्या अगदी कडेला बसायची, पाठीवरची पिशवी पाठीवरच. पाणी हवं असलं तर बाबांच्या कानात सांगायची आणि बाबांनी ते मला मोठ्यानं सांगायचं, जणू मी पलीकडच्या डोंगरावर बसलेय. ते म्हणायचे, "रुळेल गं, जरा दम धर." दम धरायला माझी हरकत नव्हती. मला तिला आपलंसं करून घ्यायचं वगैरे नव्हतं, तिला आई आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की या घरात तिनं थोडी दांडगाई करावी, काहीतरी सांडावं.

मध्यंतरी एका शुक्रवारी तुम्हाला आणि तिच्या बाबांना दोघांनाही काम निघालं आणि तिला शाळेतून आणायला मी गेले, ते तुम्हाला आठवत असेल. मी जरा लवकर पोचले. वर्गात सगळी मुलं एका लांब बाकाभोवती बसून गोळे थापत होती, लाटत होती, एकमेकांच्या नाकाला चिकटवत होती. मुंगी खिडकीपाशी, वेगळ्या छोट्या टेबलावर. समोर कोरा कागद आणि खडू. मी बाईंकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "गव्हाचं पीठ असतं ना हो त्यात, आणि हिला तर गहू अजिबात चालत नाही. हात तोंडात गेला म्हणजे? नकोच ती जोखीम." त्यांचं बरोबरच होतं. मग मी मुंगी काय काढतेय ते बघायला गेले, तर ती काही काढत नव्हती. मेणाचा खडू नखानं खरवडून, ते खरवडलेलं बोटांच्या चिमटीत मळून ती त्याचा गोळा करत होती. वाटाण्याएवढासुद्धा झाला नव्हता. मला पाहिल्यावर तिनं तो कागदाखाली सरकवला.

मी काय काम करते ते तुम्हाला बहुधा माहीत नसेल. भिंतींना रंगाआधी जी लांबी भरतात, तिच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी आहे. लगदा किती धरून राहतो, वाळताना कुठे तडकतो, पसरवताना पत्र्याला किती चिकटतो, हे दिवसभर पाहणं म्हणजे माझी नोकरी. त्यामुळे गव्हाशिवायचा गोळा करणं मला डाव्या हाताचा मळ वाटलं. तो भ्रम लवकरच फिटला. गव्हाला अंगचा ताण असतो, तो तांदळाला नाही. तांदळाच्या पिठात मीठ-पाणी घालून मळलं तर गोळा होतो, पण दाबला की कडेनं फुटतो. नुसत्या कॉर्नफ्लॉवरचा तर मुठीत दाबून धरलाय तोवरच गोळा असतो, हात उघडला की ओघळून जातो. दोन्ही एकत्र करून मंद आचेवर शिजवल्यावर कुठे ते एकमेकांना धरू लागले. तरी ताण येईना. मग मी चमचाभर इसबगोल घातला, कारण तो पाणी धरतो आणि तार सुटते. ओट्यावरची इसबगोलाची पिशवी पाहून तिचे बाबा काळजीनं म्हणाले, "कुणाचं पोट बिघडलंय? मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तांदळाच्या पिठाचं.

गोळा साधला. पेन्सिलीभोवती पट्टी गुंडाळली तरी तडा जात नव्हता. मी नेहमीच्या सवयीनं तो पांढऱ्या झाकणाच्या नमुन्याच्या डब्यांत भरला, प्रत्येकावर क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी चिकटवली, आणि एक दिवस मुरू दिला, जसा आम्ही कारखान्यात मुरू देतो. शनिवारी मुंगी आली तेव्हा तिच्यापुढे तीन डबे ओळीनं मांडले आणि पहिल्याचं झाकण उघडलं. तिनं डब्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं. औषध घ्यायला. कुरकुर नाही, किती आहे ते विचारणं नाही. बाबा आधी हसले, आणि मग एकदम उठून गॅलरीत गेले. मी तिला हे प्यायचं नाही, खेळायचं आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं "बरं" म्हणून एका बोटानं ते दाबलं, माझं मन राखायला, आणि हात पुसले.

त्या दिवशी मला कळलं की तिचं दुखणं काय आहे ते सापडेपर्यंत तुम्ही दोघींनी काय काढलं असेल. किती दवाखाने, किती सुया, आणि प्रत्येक वेळी तिला मांडीवर धरून बसणाऱ्या तुम्ही. ती आमच्याकडे कुठलाही घास घेण्याआधी "यात गहू आहे?" असं विचारते, अगदी शांतपणे, सवयीनं. एवढ्याशा मुलीला घाबरवून न सोडता हे शिकवणं मला जमलं नसतं. मला हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि फाटकापाशी सांगता आलं नसतं.

गोळ्यात काही चुकलेलं नव्हतं. तो तयार होता, ही चूक होती. पुढच्या खेपेला मी काहीच करून ठेवलं नाही. पीठं, मीठ, तेल, खायचे रंग ओट्यावर मांडले, स्टूल ओढलं आणि म्हटलं, मला एकटीला होत नाहीये, मीठ कुणीतरी घालायला हवं. ती बराच वेळ दारात उभी राहिली. मग पिशवी काढून खुर्चीवर ठेवली आणि स्टुलावर चढली. मीठ घातलं, थोडं पातेल्यात आणि बरंच माझ्या पायांवर. शिजवलं मी, पण कोमट झाल्यावर मळायचं तिच्याकडे. रंग विचारला तर म्हणाली, "सगळे." सगळे घातल्यावर जे व्हायचं ते झालं, ओल्या सिमेंटसारखा करडा. मी मनातून हळहळले आणि ती हरखून म्हणाली, "हत्ती!" म्हटलं, आता हत्ती करणार वाटतं. पण नाही. तिनं रविवार दुपारपर्यंत फक्त दगड केले. बाबांनी एक उचलून विचारलं, "हा बटाटा का?" तर म्हणाली, "दगड आहे." "आणि हा?" "हा पण दगड. हा त्याचा भाऊ." "मग हा?" "बाबा, तुम्हाला काही कळत नाही. तो नुसता शेजारी आहे." असं आमच्या घरात ती पहिल्यांदाच कुणाला तरी बोलली. सोफ्यावर, टीपॉयवर, बाबांच्या बुटात, सगळीकडे दगड. अजून सापडतात.

शाळेच्या बाईंना मी विचारलं. म्हणाल्या, मी पुरेसा करून देणार असेन तर सगळ्या वर्गालाच हा गोळा देतील, म्हणजे कुणाला खिडकीपाशी बसायला नको, पण तुमची परवानगी हवी. ती तुमचीच असायला हवी, म्हणून सगळं सांगते. तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लॉवर सारखं, मीठ यातल्या एकाएवढं, पाणी दोन्ही पिठांएवढं, चमचाभर तेल, चमचाभर इसबगोल, अर्ध्या लिंबाचा रस. तळाला लागू न देता ढवळायचं, पातेल्याच्या कडा सोडून मधे गोळा झाला की उतरवायचं. पीठ मी गिरणीतून आणत नाही, कारण तिथे त्याच जात्यावर गहूही दळतात. तांदूळ धुऊन, वाळवून घरीच दळते, आणि त्या भांड्याला दुसरं काही लागत नाही. कॉर्नफ्लॉवरच्या कंपनीला फोन करून खात्री केली आहे. बोटाला चिरलं असेल तर मिठानं चुरचुरतं, त्या दिवशी देऊ नये. तुम्हाला यातलं काही पटलं नाही तर सांगा, मी ते बदलेन. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला, कारण विचारणार नाही.

एवढंच असतं तर मी बाबांच्या फोनवरून कळवलं असतं. गेल्या रविवारी आम्ही पुन्हा गोळा करत होतो. मुंगीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पातेल्यात होते. मान न वळवता, कामाच्या नादात ती म्हणाली, "आई, नाक खाजव ना." ती मला आजवर काहीच म्हणत नव्हती, नुसतं "ऐक ना" म्हणायची. मी नाक खाजवलं. "वर," म्हणाली, मग वर खाजवलं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. हात थांबले, कान लाल झाले. मी तेलाची बाटली शोधल्यासारखं केलं. नंतर मोरीपाशी तिच्या बोटांच्या बेचक्यातलं पीठ धुताना तिनं अगदी हळू विचारलं, "आईला कळलं तर ती रडेल?" माझ्या कामात मी पुरावा नसताना काही म्हणत नाही. त्या वेळी मात्र म्हटलं. म्हटलं, मुळीच नाही, ती हसेल, नाकाला काय कळतं बोट कुणाचं आहे ते. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मग तू सांग तिला. मला नाही सांगता येत." मी कबूल केलं, आणि ते कबूल केलेलं पुरं करते आहे. घरी आल्यापासून ती गप्प असेल तर त्याचं कारण हे आहे, दुसरं काही नाही. यात तुमचं काही मला मिळालं असं मी एक क्षणही धरलेलं नाही. तिचे हात अडकले होते, आणि हात अडकले की तिच्या तोंडी जे नाव येतं ते तुमचं आहे. पत्र वाचून झालं की तिला बोलवा आणि मी सांगितलं म्हणून सांगा. तुम्ही हसाल असा शब्द मी तुम्हाला न विचारता देऊन बसले आहे. पहिल्यांदा जमलं नाही तर तोंड जरा दुसरीकडे वळवा, पण मग हसा.

तुमचीच म्हणावं इतकी आपली ओळख नाही, तरीही तुमचीच,
मुंगीच्या दुसऱ्या घरातली