सुलभ बीजगणिताची चाळीस पानं

२ जानेवारी १९६२, अकोला
संकल्प: माझं 'सुलभ बीजगणित' ३१ मार्चच्या आत पाठ्यपुस्तक समितीकडे. जूनपासून वर्गात माझंच पुस्तक! नियम: चाळीसही पानं निर्दोष झाल्याशिवाय एकाही पानावर छपाईची सही नाही. इतर लेखक सह्या करत सुटतात, म्हणून भिकार पुस्तकं निघतात.

९ जानेवारी
पहिली प्रुफं. डोकं फिरलं. वर्गमुळाची आडवी रेघ संख्येपर्यंत पोचतच नाही. कंपोझिटर जानराव म्हणे, चिन्ह वेगळं अन् रेघ वेगळी, जुळवा लागते, सर. मग जुळवा ना! पंधरा वर्षं खिळे जुळवून काय दिवे लावले?

२० जानेवारी, दुपार
रेघ जमली. पण विद्वत्ता दिसत नाही. अकरा तळटिपा वाढवल्या. प्रत्येकीत 'पृष्ठ अमुक पाहा'. सुभद्रा विचारते, शाळेतल्या पोरांले एवढ्या टिपा काहून? बायकोला चहा टाकायला सांगितलं.

२ फेब्रुवारी
कहर! टिपांनी मजकूर ढकलला, पानं सरकली. 'पृष्ठ १२ पाहा' म्हणून पाहावं, तर बारावर भलतंच. जानरावला झापलं. म्हणे, टिपा तुमीच वाढवल्या ना. उद्धट! आकडे दुरुस्त केले. खुलाशासाठी आणखी सहा टिपा दिल्या.

१० फेब्रुवारी
पुन्हा सरकली!!

१७ फेब्रुवारी
बत्तीस पानं जुळली आणि काम ठप्प. जानराव म्हणे, छापखान्यातली बरोबरची (=) चिन्हं खतम. सारी तुमच्या बांधलेल्या पानांत अडकून राहिली. सोळा पानांवर सही द्या, छापतो, टाइप सोडतो, मंग त्याच सुट्या खिळ्यांनी पुढचं जुळवतो. डाव ओळखला. याला अर्धवट छापून मोकळं व्हायचंय. सही दिली नाही.

५ मार्च
छापखान्याच्या मालकाने नागपूरहून मूठभर चिन्हं आणवली आणि दिली चंद्रभानच्या पुस्तकाला! हा चंद्रभान नववीत माझ्या छड्या खाल्लेला, आता अमरावतीत मास्तर, पुस्तक मात्र इथेच छापतोय. आठ पानं जुळवून घेतो, सही करतो, छापून टाइप सोडतो, पुन्हा आठ. घाईचं काम. मी मालकावर ओरडलो. मध्येच जानराव बोलला, तुमाले देली तर तेही अडकतीन, सर. आजपासून त्याच्याशी अबोला.

३० मार्च
तेहतिसावं पान अजून कोरं. हरकत नाही. माझ्यासारख्यासाठी समिती थांबेल.

११ एप्रिल
समिती थांबली नाही. नालायक समिती.

२६ जून
शाळा उघडली. हेडमास्तरांनी नवं पुस्तक हातात दिलं. चंद्रभानचं. चार तास चुका शोधल्या. एकही नाही. सबंध पुस्तकात तळटीप एकच, पान ५: 'ही रीत मला अकोल्याच्या गावंडे सरांनी शिकवली.' 
गावंडे सर म्हणजे मी.

२८ जून
जानराव घरी आला. चंद्रभानची दुसरी आवृत्ती निघते आहे, चिन्हं कमी पडतात. म्हणे, आता तरी तुमची पानं सोडू का, सर? फार राग आला. कोणावर, ते कळेना. सुभद्राने त्याला चहा दिला. मी कागद मागून घेतला, 'टाइप सोडावा' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. सहा महिन्यांतली पहिली.
जानरावने वाचून कागद परत पुढे केला. म्हणे, सर, तारीख चुकली. जानेवारी लिवलं तुमी.